भूत कोणाचं, भीती कोणाची?

१९८७ च्या एप्रिलमध्ये शिकागोतल्या एका सरकारी वसाहतीतून पोलिसांना फोन आला. बोलणारी बाई घाबरलेली होती. शेजारची माणसं बाथरूममधून माझ्या घरात शिरताहेत, असं ती सांगत होती. ऐकणाऱ्याला भ्रम वाटावा, असंच ते बोलणं. पोलीस आले, दार वाजवलं, आतून उत्तर आलं नाही म्हणून परत गेले. दोन दिवसांनी दार उघडलं गेलं, तेव्हा गोळ्या लागून ती मरून पडली होती.

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्या इमारतींत शेजारशेजारच्या घरांची बाथरूम पाठीला पाठ लावून बांधली होती. मध्ये नळांसाठी सोडलेली, माणूस सरपटत जाऊ शकेल एवढी पोकळी होती. भिंतीतलं आरशाचं कपाट पलीकडून ढकललं की निखळून यायचं. ‘शिकागो रीडर’ या साप्ताहिकात स्टीव्ह बोगिरा या पत्रकाराने त्याच वर्षी ही हकीकत सविस्तर मांडली. मरणारी बाई कृष्णवर्णीय, गरीब आणि मानसिक आजाराने ग्रासलेली होती. तिच्यावर विश्वास ठेवायची कोणालाच घाई नव्हती.

पाच वर्षांनी, १९९२ मध्ये ‘कॅन्डीमॅन’ हा भयपट आला. आरशासमोर उभं राहून पाच वेळा नाव घेतलं की हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेलं भूत मागे येऊन उभं राहतं, अशी त्यातली दंतकथा. भिंतीतून कोणीतरी येतंय म्हणून पोलिसांना फोन करणारी बाईही त्यात आहे आणि आरशाच्या कपाटामागची पोकळीही. मात्र त्या पोकळीतून आपण ज्या बाईबरोबर पलीकडे डोकावतो ती वसाहतीतली नाही. ती आहे विद्यापीठात प्रबंध लिहिणारी गोरी हेलन.

भयपटांतल्या प्रतिनिधित्वाची चर्चा बहुतेक वेळा डोकी मोजण्यावर येऊन थांबते. किती कृष्णवर्णीय नट, किती बायका, त्यांतलं आधी कोण मरतं, शेवटी कोण वाचतं. ही मोजणी फुकट नाही. हॉलिवूडच्या भयपटात कृष्णवर्णीय पात्राचा बळी लवकर जातो, हे प्रेक्षकांनी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर आता भयपटच विनोद करतात. पण दंतकथेवरच्या भयपटाला ही मोजपट्टी अपुरी पडते. कारण दंतकथा कोणा एका लेखकाची नसते. ती एखाद्या वस्तीची, एखाद्या समूहाची भीती असते. सिनेमा ती उचलतो तेव्हा भीती कोणाची होती आणि पडद्यावर ती कोणाची झाली, हे आधी बघायला हवं.

शहरी दंतकथांचा अभ्यास लोकप्रिय केला तो युटा विद्यापीठातल्या जॅन हॅरल्ड ब्रुनव्हँड या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने. १९८१ साली त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. गाडीत लिफ्ट घेऊन मध्येच नाहीशी होणारी मुलगी, गाडीत बसलेल्या प्रेमी जोडप्यावर टपलेला आकडेवाला खुनी, असल्या गोष्टी त्यांनी नीट मांडून दाखवल्या. त्यांची लक्षणं आपल्यालाही ओळखीची आहेत. गोष्ट सांगणाऱ्याने स्वतः कधीच काही पाहिलेलं नसतं, मित्राच्या मित्राने पाहिलेलं असतं. आणि गोष्टीला नेहमी जवळचा पत्ता असतो. आपल्याकडे पांढऱ्या साडीतली बाई जिथे सांगणारा राहतो त्याच्या जवळच्याच घाटात गाडी थांबवते, तसंच.

ब्रुनव्हँड यांच्या संग्रहातल्या बऱ्याच गोष्टींचा पत्ता अमेरिकी उपनगर किंवा कॉलेज हा होता आणि भीती तिथल्या सुखवस्तू तरुणांची. १९९८ चा ‘अर्बन लेजंड’ हा चित्रपट याच मालमसाल्यावर उभा राहिला. कॉलेज, खून आणि जवळजवळ सगळी गोरी पोरंपोरी. लॉरेटा डिव्हाइन यांनी रंगवलेली कृष्णवर्णीय सुरक्षारक्षक त्यात आहे, ती वाचते, पुढच्या भागातही परत येते. डोकी मोजणाऱ्याच्या वहीत ही जमेची नोंद. पण ती ज्या दंतकथांच्या मध्ये वावरते, त्यांतली एकही तिच्या वस्तीतली नाही.

तिच्या वस्तीतल्या दंतकथा नव्हत्या असं मुळीच नाही. पॅट्रिशिया टर्नर यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात आफ्रिकन-अमेरिकन समाजातल्या अफवा आणि वदंता गोळा केल्या. त्यांचं मूळ त्या थेट गुलामांच्या व्यापाराच्या काळापर्यंत नेतात. तेव्हा आफ्रिकन माणसाला वाटे की हे गोरे आपल्याला खाण्यासाठी नेताहेत, आणि गोऱ्यांना वाटे की हेच नरभक्षक आहेत. पुढच्या काळातल्या वदंतांतही एक धागा कायम राहिला : आपल्या शरीराला धोका आहे, आणि तो बलाढ्य संस्थांकडून आहे. त्याला आधारही होता. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. ज्या समाजाने हे भोगलं, त्याच्या भुताखेतांच्या गोष्टी कॉलेजच्या पोरांच्या गोष्टींसारख्या कशा असतील?

आता पुन्हा ‘कॅन्डीमॅन’कडे. मूळ कथा इंग्रज लेखक क्लाइव्ह बार्कर यांची, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली. ती इंग्लंडमधल्या एका पडझड झालेल्या सरकारी वसाहतीत घडते. त्यातलं भूत कृष्णवर्णीय नाही. मेणचट पिवळ्या कातडीचं, विचित्र आहे. तिथली दरी वर्गाची : एकीकडे भिंतींवरच्या मजकुरावर प्रबंध लिहायला आलेली शिकलेली बाई, दुसरीकडे तिला बिचकून असलेले रहिवासी. बर्नार्ड रोज या इंग्रज दिग्दर्शकाने कथा शिकागोत नेली, कॅब्रिनी-ग्रीन या वसाहतीत, आणि वर्गाच्या दरीत वर्णाची दरी मिसळली.

कॅब्रिनी-ग्रीनची पहिली बैठी घरं १९४२ ची, आणि १९६० च्या दशकापर्यंत तिथे उंच मनोरे उभे राहिले. भरात असताना सुमारे १५,००० माणसं तिथे राहत. सुरुवातीला वस्ती मिश्र होती. पुढे गोरे निघून गेले, देखभालीचे पैसे आटले, टोळ्या शिरल्या. गोल्ड कोस्ट हा शहरातला अतिश्रीमंत भाग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. वर्तमानपत्रांनी या वसाहतीचं नाव धोक्याला पर्याय म्हणून वापरायला सुरुवात केली होती. धोका खोटा नव्हता. ‘कॅन्डीमॅन’ प्रदर्शित होण्याच्या तीनच दिवस आधी तिथे आईबरोबर शाळेत निघालेल्या सात वर्षांच्या मुलाला गोळी लागून तो मेला. पण त्या धोक्यात रोज जगणारे कोण होते, हे बातम्या वाचणाऱ्या शहराला फारसं दिसत नव्हतं.

चित्रपटाला हे दिसलेलं आहे, हे मान्य करायला हवं. हेलन आपल्या मैत्रिणीला स्वतःच्या महागड्या फ्लॅटची गंमत दाखवते. ही इमारतही मुळात कॅब्रिनी-ग्रीनसारखी सरकारी वसाहत म्हणूनच बांधली गेली होती. पण ती आणि गोल्ड कोस्ट यांच्या मध्ये काही अडसर नाही हे ध्यानात आल्यावर तिला गिलावा चढवून फ्लॅट म्हणून विकलं गेलं. हेलन आरशाचं कपाट काढते आणि भिंतीपलीकडे तीच पोकळी निघते. एकच आराखडा, एकाच मापाच्या खोल्या, आणि दोन वेगळी आयुष्यं. पुढे हेलनवर हल्ला होतो तेव्हा पोलीस लगेच वसाहतीत घुसतात. आधी तिथे झालेल्या खुनांच्या वेळी ही धावपळ दिसलेली नसते, आणि पटकथा ते हेलनच्याच तोंडून वदवते.

भुताची पूर्वकथाही दमदार आहे. गुलामाचा मुलगा, शिकलेला, चित्रकार. १८९० मध्ये एका श्रीमंत गोऱ्या माणसाच्या मुलीचं चित्र काढताना दोघं प्रेमात पडतात. तिला दिवस जातात. तिच्या बापाने जमवलेला जमाव त्याचा उजवा हात करवतीने कापतो, अंगाला मध फासतो, मधमाश्या सोडतो आणि शेवटी त्याला जाळतो. राख जिथे टाकली तिथेच पुढे कॅब्रिनी-ग्रीन उभं राहिलं. टोनी टॉड यांनी या भुताला अशी अदब आणि असा खर्जातला आवाज दिला की पुढची तीस वर्षं ते विसरता आलं नाही. त्याआधी चाकूवाल्या मुखवटाधारी खुन्यांच्या गर्दीत एवढी प्रतिष्ठा असलेलं कृष्णवर्णीय पात्र नव्हतंच.

तरीही त्या वेळी काही कृष्णवर्णीय चित्रपटकर्मींनी या सिनेमावर कडक टीका केली. कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या बाईच्या मागे लागला आहे, हे अमेरिकेतलं जुनं आणि जीवघेणं चित्र. या एका भयापायी कितीतरी माणसांना झाडाला लटकवलं गेलं होतं. त्याहून अवघड प्रश्न कथेच्या तर्कातच आहे. गोऱ्या जमावाने मारलेला माणूस भूत होऊन परत येतो, तर तो त्या जमावाच्या नातवंडांना का पछाडत नाही? गरीब कृष्णवर्णीयांनाच का छळतो? उत्तर असं की सिनेमाला भूत जमावाच्या पापाचं हवं होतं, पण भीती हेलनची. मग वसाहतीतली माणसं उरतात ती साक्षीदार म्हणून. त्यांची दंतकथा तिच्या प्रबंधाचा कच्चा माल होते, आणि शेवटी हेलन स्वतःच नवी दंतकथा बनून बसते. डोकी मोजली तर हा सिनेमा आपल्या काळाच्या पुढे आहे. भीती मोजली तर ती पाहुणीची आहे.

रॉबिन मीन्स कोलमन या अभ्यासिकेने २०११ मध्ये अमेरिकी भयपटांतल्या कृष्णवर्णीयांवर पुस्तक लिहिलं. पुढे त्याच्यावर माहितीपटही निघाला. त्यांनी केलेला एक फरक इथे कामाचा आहे. काही भयपटांत कृष्णवर्णीय माणसं असतात. काही भयपट कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून, इतिहासातून, भाषेतून घडलेले असतात. दोन्हींत नट तेच असू शकतात. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये १९६८ साली ड्वेन जोन्स नायक होते, पण ती भूमिका विशिष्ट वर्णाच्या नटासाठी लिहिलेली नव्हती. २०१७ च्या ‘गेट आउट’मधून नायकाचा वर्ण काढला तर कथाच उरत नाही.

२०२१ चा ‘कॅन्डीमॅन’ हा फरक समोरासमोर दाखवतो. दिग्दर्शिका निया डाकॉस्टा, लेखनात त्यांच्यासोबत ‘गेट आउट’वाले जॉर्डन पील आणि विन रोझेनफेल्ड. तोवर कॅब्रिनी-ग्रीनचा शेवटचा मनोराही २०११ मध्ये पाडला गेला होता आणि त्या जमिनीवर नवे फ्लॅट आले होते. या चित्रपटाचा नायक त्यांच्यातल्याच एका फ्लॅटमध्ये राहणारा कृष्णवर्णीय चित्रकार आहे; पहिल्या सिनेमात हेलनने वाचवलेलं बाळ. आपण नेमके कुठून आलो हे त्याला ठाऊक नाही. म्हणजे आता दंतकथेचा शोध घेणारा बाहेरचा नाही. शोध लागत जातो तसा तो स्वतःच तिच्यात ओढला जातो.

दंतकथाही पालटते. कॅन्डीमॅन आता एक नाही. १९७७ मध्ये पोरांना गोळ्या वाटणाऱ्या एका आकडेवाल्या माणसावर गोळीत ब्लेड घातल्याचा आळ येतो, पोलीस त्याला मारून टाकतात, आणि नंतर तो निर्दोष असल्याचं कळतं. तो एक कॅन्डीमॅन. १८९० चा चित्रकार हा पहिला. प्रत्येक पिढीत एक. या मांडणीत वस्तीने भूत का निर्माण केलं याला कारण मिळतं : आपल्या माणसाचा अन्यायाने झालेला मृत्यू लोक विसरू देत नाहीत, त्याची गोष्ट करून ठेवतात. भीती वसाहतीतल्या माणसाची होते, आणि ती भुतापेक्षा पोलिसांच्या गाडीची अधिक असते.

हा बदल नुसता कथेत नाही, कॅमेऱ्यातही आहे. जुन्या अत्याचारांच्या हकीकती डाकॉस्टा प्रत्यक्ष दाखवत नाहीत. शिकागोच्याच ‘मॅन्युअल सिनेमा’ या नाट्यसंस्थेने केलेल्या कागदी छायाबाहुल्यांमधून त्या उलगडतात. हात तुटतो, जमाव नाचतो, पण दिसते ती काळी कागदी आकृती आणि काडी धरलेली बोटं. कृष्णवर्णीय शरीराच्या छळाचा तमाशा पुन्हा मांडायचा नाही, हा निर्णय त्यात स्पष्ट आहे. आणि एका जागी नायकाची मैत्रीण तळघराचं दार उघडते, खालचा अंधार बघते आणि सरळ दार लावून घेते. थिएटरात हशा पिकतो, कारण अंधारात पाऊल घालणाऱ्या पात्रांना बघून प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं हेच म्हटलेलं असतं.

सिनेमा निर्दोष नाही. गरिबांना हुसकावून श्रीमंत वस्ती कशी येते यावर त्यातली पात्रं एवढं बोलतात की काही ठिकाणी भयपट थांबतो आणि व्याख्यान सुरू होतं. पण प्रेक्षक आले. पहिल्या शनिवार-रविवारी तो अमेरिकेत कमाईत पहिला राहिला आणि हा मान मिळवणाऱ्या डाकॉस्टा पहिल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शिका ठरल्या.

हा प्रश्न एका वर्णापुरता किंवा एका शहरापुरता नाही. लॅटिन अमेरिकेत ‘ला योरोना’ची दंतकथा घरोघरी सांगतात. नवऱ्याने टाकलेली बाई रागाच्या भरात आपलीच मुलं नदीत बुडवते आणि मग जन्मोजन्म रडत, दुसऱ्यांची मुलं ओढून नेत फिरते. २०१९ या एकाच वर्षात तिच्यावर दोन सिनेमे आले. हॉलिवूडचा सिनेमा १९७३ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. त्यात आधी एका मेक्सिकन आईची मुलं जातात, मग भूत वळतं समाजसेविका असलेल्या गोऱ्या नायिकेच्या घराकडे, आणि उरलेला बराचसा सिनेमा तिच्या घरात घडतो. मंत्रतंत्र जाणणारा लॅटिनो उपचारक येतो तो तिच्या मदतीला. साधारण ९० लाख डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाने १२ कोटींहून अधिक कमावले.

दुसरा सिनेमा ग्वाटेमालाच्या हायरो बुस्तामान्ते यांचा. तिथे १९६० ते १९९६ यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ओळख पटलेल्या बळींतले ८३ टक्के माया आदिवासी होते. लष्करशहा एफ्राइन रिओस मॉन्ट यांना २०१३ च्या मे महिन्यात वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल ८० वर्षांची शिक्षा झाली आणि दहाच दिवसांत तिथल्या संविधान न्यायालयाने तो निकाल रद्द केला. बुस्तामान्ते यांचा सिनेमा तिथून उभा राहतो. असाच एक म्हातारा सेनानी शिक्षेतून सुटतो आणि घरात कोंडला जातो. बाहेर नाहीशा झालेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक रात्रंदिवस उभे. आदिवासी नोकर घाबरून निघून जातात, आणि आल्मा नावाची एक अबोल माया मुलगी कामाला येते. सेनानीच्या बायकोला स्वप्नं पडू लागतात. त्या स्वप्नांत ती स्वतःच माया बाई आहे, आपल्या मुलांना घेऊन शेतातून पळतेय, आणि मागे शिपाई आहेत. या सिनेमात मुलं आईने बुडवलेली नाहीत. लष्कराने बुडवली आहेत. दंतकथेने शेकडो वर्षं आईच्या माथ्यावर ठेवलेला दोष दिग्दर्शकाने ज्याचा त्याच्या दारात नेऊन टाकला. आता जो भितो तोच गुन्हेगार आहे.

आपल्या पडद्यावरही हे घडतंय, थोड्या हसऱ्या अंगाने. १९९० च्या दशकात बेंगळुरूकडे रात्री दारावर हाक मारणाऱ्या बाईची वदंता पसरली होती. ती जावी म्हणून लोक दारावर कन्नडमध्ये ‘उद्या ये’ असं लिहून ठेवत. २०१८ च्या ‘स्त्री’ने ती उचलून मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली. दंतकथेचा मूळ पत्ता गेला, पण भीतीचा मालक मोठ्या युक्तीने बदलला. रात्री एकटं बाहेर पडायला पुरुष घाबरू लागले, बायको बाहेर गेली की घरी थरथरत बसू लागले. भीतीची ही अदलाबदल हशाही पिकवते आणि बोचतेही. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ २०२४ चा. कोकण, पिंपळ, आजी, सगळं मराठी घरातलं, बोलणं हिंदी. मेलेला मुलगा हवी ती मुलगी बायको म्हणून मागतो, तिची इच्छा असो वा नसो. नीट पाहिलं तर ही त्या मुलीची भीती आहे. चित्रपटाचा बराचसा वेळ मात्र तिला वाचवू पाहणाऱ्या मुलाला मिळतो.

आपल्याकडे तर भुतांच्या यादीतच समाज जातवार लिहिलेला आहे. नाशिकला १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुती जमवल्या होत्या. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या त्या माहितीवरून एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१५ मध्ये या लोकसमजुतींचा कोकणावरचा खंड काढला. त्यात भुतं जात, धर्म आणि मरणाची वेळ यांवरून ओळखली जातात. मुंज झालेला ब्राह्मण मुलगा मेला की मुंजा, बाळंतपणात बाई गेली की हडळ, सवाष्ण गेली की जखीण, मुसलमानाचं भूत खवीस. अतृप्त कोण राहतं, कोणाचा धाक वाटतो आणि कोणापासून लांब राहायचं, याची ती गावाने केलेली नोंदच म्हणायची. ती नोंद सांगणारे गावातले होते, पण सगळेच गावकरी सांगणारे नव्हते.

म्हणूनच मराठी भयपटाकडे अजून पुष्कळ काम शिल्लक आहे. मुंजा लोकप्रिय झाला, आता हडळ किंवा खवीस घेऊन कोणी तरी येईलच. त्यात नट कोणत्या समाजाचे आहेत हे जरूर बघावं. पण बाळंतिणीच्या मरणाला घर आणि दवाखाना जबाबदार होता की तिचा अशुभ देह, खवीस गावाला घाबरवत होता की गाव त्याला, हे पटकथा कोणत्या बाजूने विचारते यावर तो सिनेमा ठरेल. दंतकथा जशीच्या तशी उचलली तर तिच्यातली जुनी भीतीही जशीच्या तशी येते. ती कोणाची होती हे तपासूनच कॅमेरा लावावा, एवढी शिस्त डाकॉस्टा आणि बुस्तामान्ते यांनी पाळली, आणि त्यांचे सिनेमे भीतिदायक झाले तेही त्यामुळेच.